लेकीसाठी टॅब शोधताना

माझी लेक तिसरीत, मराठी माध्यमात. शाळेच्या ग्रुपवर अभ्यासाच्या पीडीएफ येतात आणि माझा फोन दिवसभर माझ्याबरोबर ऑफिसात. म्हणून यंदा बोनसमधून तिला टॅब घ्यायचं ठरवलं.

आधी 'खास मुलांसाठी' म्हणून विकतात तो ऑनलाइन मागवला. जाड फोमचं कव्हर, मागे धरायला कडी, आत खेळ भरलेले. स्क्रीन सात इंची, १०२४ × ६०० पिक्सेल, रॅम २ जीबी. त्यावर बालभारतीचं तिसरीचं पुस्तक उघडलं. अख्खं पान दिसेल असं ठेवलं की अक्षरं गिचमिड, 'आंबा' आणि 'आबा' यांतला फरकच कळेना. मोठं करावं तर अर्धी ओळ बाहेर. नुकतंच सफाईनं वाचायला लागलेलं मूल, त्याला अनुस्वार आणि रफार स्पष्ट दिसलेच पाहिजेत. चौथ्या दिवशी टॅब परत केला. पैसे हातात यायला बारा दिवस आणि तीन फोन लागले.

मग शनिवारी लेकीला घेऊन ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून दुकानात प्रत्येक टॅबवर तेच पुस्तक, तेच पान उघडलं आणि तिला मोठ्यानं वाचायला लावलं. एका दुकानदारानं हे करूच दिलं नाही. दुसरा म्हणाला, "बघा ना ताई, निवांत बघा." त्यानंच टॅब तिरपा धरून दाखवला: हलक्या प्रतीच्या स्क्रीनवर बाजूनं बघितलं की रंग उडतात.

तिथेच माझ्या लक्षात आलं, की मुलांचा म्हणून जो टॅब विकतात त्यात वेगळं असतं ते मुख्यतः कव्हर आणि आतलं सॉफ्टवेअर. कव्हर बाहेर वेगळं मिळतं, आणि गूगलचं फॅमिली लिंक (मुलांच्या वापरावर पालकांना लक्ष ठेवू देणारं ॲप) साध्या अँड्रॉइड टॅबवरही फुकट चालतं. शेवटी सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ घेतला: ८.७ इंच, १३४० × ८००, रॅम ४ जीबी, मेमरी कार्डची सोय, टाइप-सी चार्जिंग. ठरवलं होतं त्यापेक्षा खर्च वाढला, पण पान न ताणता वाचता येतं.

घरी एक चूक झाली. घाईत टॅबवर माझंच खातं उघडलं. मग सगळं पुसून, फॅमिली लिंकमध्ये लेकीचं खातं तयार करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यात गेली ती अख्खी संध्याकाळ. आता रोज एक तास, रात्री साडेआठला बंद, आणि नवं ॲप घ्यायचं तर आधी माझ्या फोनवर परवानगी मागितली जाते.

सिमचा टॅब मुद्दामच घेतला नाही. त्यामुळे मी ऑफिसात असताना घरी नेट नसतं. पुस्तकं कार्डवर उतरवून ठेवली आहेत, ती तशीही उघडतात.