आधी नाव, मग करवत : आमच्या वखारीची वाटचाल

आमच्या वखारीत लाकूड उतरलं की आधी त्याचं नाव ठरतं, नंतर भाव ठरतो आणि मगच ते करवतीवर चढतं. हा क्रम आम्ही कधी उलटा होऊ दिलेला नाही, कारण पुढचं सगळं नावावर अवलंबून असतं. ऐन छपराच्या तुळईला उत्तम, पण त्याच्या पातळ फळ्या घाईनं वाळवल्या तर टोकांना चिरतात. हेदू कोरीव कामाला सुंदर, पण उघड्यावरच्या खांबाला निकामी. नाणा चौकटीला चालतो, पण तो सागाच्या भावानं घेतला तर गिऱ्हाईक बुडालं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले बहुतेक मेस्त्री लाकूड हातात घेऊन ओळखतात. तरी दर मोसमात एखादा तरी असा ओंडका येतोच, जो कुणालाच चटकन ओळखता येत नाही. अशा लाकडाची ओळख पटवणं हे आमच्या धंद्याचं खास अंग होत गेलं.

सुरुवातीच्या काळात माल सालीसकट यायचा. दांडेलीच्या सरकारी डेपोतले ओंडके, खानापूर तालुक्यातली मालकी रानातली झाडं, यांची ओळख सालीवरच व्हायची. ऐनाची साल काळपट राखाडी, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेली, थेट मगरीची पाठ. किंजळ त्याच कुळातला, पण त्याच्या भेगा उथळ आणि बहुतेक उभ्याच. नाणा ओळखायला सर्वांत सोपा. त्याची साल पांढुरकी आणि गुळगुळीत असते आणि पातळ, लांब पापुद्र्यांनी सुटते. सागाची साल धाग्याधाग्याची, उथळ उभ्या चिरांची. शिसवीची राखाडी, पातळ, बारीक ढलप्यांनी निघणारी. बिवळ्याच्या ओल्या सालीवर कोयत्यानं घाव घातला की थोड्या वेळात रक्तासारखा लाल चीक पाझरतो, फणसाच्या घावातून पांढरा. डेपोच्या कानडी नोंदीत ऐनाला मत्ती, नाण्याला नंदी, बिवळ्याला होन्ने, शिसवीला बीटे लिहिलेलं असतं, म्हणून पावतीवर दोन्ही नावं लिहायची पद्धत आम्ही पहिल्यापासून ठेवली.

साल पाहताना चुका ठरावीक ठिकाणी होतात. कोवळ्या झाडाची साल जवळजवळ सगळ्या जातींत गुळगुळीत असते, त्यामुळे फांदीच्या किंवा शेंड्याकडच्या तुकड्यावरून नाव सांगू नये. नमुना छातीच्या उंचीवरचा, जुन्या खोडाचा हवा. आणि फक्त वरची खरबरीत साल उपयोगाची नाही, आतली ओली सालही तिला चिकटून आलेली हवी. शेवाळ, दगडफूल आणि वणव्याची काजळी यांनी वरचा रंग साफ बदलतो.

सालीचा प्रश्न मापातही येतो आणि तिथं तो थेट पैशाचा असतो. ओंडका आपण घेराच्या चौथाईनं मोजतो : घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले फुटांत लांबी, भागिले १४४. ४८ इंच घेर आणि १० फूट लांबीचा ओंडका १० घनफूट भरतो. पण त्यावर पाऊण इंच जाडीची साल असेल, तर सालीखालचा घेर ४३.३ इंचच उरतो आणि माप साधारण ८.१ घनफूट येतं. म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा सालीचा. ऐनासारख्या जाड सालीच्या लाकडात म्हणूनच दोन ठिकाणी साल खरवडून, सालीखालीच टेप लावावी.

१२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मंजूर वन-आराखड्याबाहेरची जंगलतोड थांबली आणि आमच्यासारख्या छोट्या वखारींचा माल हळूहळू बदलला. स्थानिक ओंडके कमी झाले. मंगळूर बंदरातून येणारं परदेशी लाकूड, चिरलेल्या फळ्या आणि पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड वाढलं. या तिन्हींवर साल नसते. तेव्हापासून आमचं मुख्य हत्यार दहापट भिंग आणि नव्या पात्याचा कटर.

रंग आणि रेघा बघून नाव सांगायची सवय इथं घात करते. फळीच्या अंगावरची नक्षी चिराई कशी झाली त्यावर बदलते. एकाच ओंडक्याची एक फळी सरळ रेघांची निघते आणि दुसरी डोंगरासारख्या नक्षीची. खरी ओळख फळीच्या टोकाला, आडव्या छेदात असते. टोकापासून किमान इंचभर आत ताजा काप घ्यायचा, कारण टोक उन्हानं रापलेलं आणि चिरलेलं असतं. दोन थेंब पाणी लावून नखाएवढी जागा एकाच ओढीत पात्यानं तासायची. पातं मागेपुढे घासायचं नाही. बोथट पात्यानं रंध्रं, म्हणजे लाकडातली बारीक छिद्रं, चेंगरतात आणि पॉलिश पेपरनं ती भुशानं बुजतात, मग भिंगातून नुसता करडा पट्टा दिसतो. भिंग डोळ्याला लावून लाकूड जवळ आणायचं आणि उजेड बाजूनं पडू द्यायचा.

पहिला प्रश्न रंध्रांचा. सागात प्रत्येक वार्षिक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या रंध्रांची ठळक रांग असते आणि पुढे ती बारीक होत जातात. नाण्यातही थोडीफार अशीच रांग दिसते, म्हणून बेनटीक या नावानं तो सागाच्या जागी खपतो. फरक स्पर्शात आणि वासात आहे. साग ताज्या कापाला मेणचट लागतो आणि त्याला जुन्या चामड्याचा वास येतो, नाण्यात दोन्ही नाहीत. ऐन, शिसवी, बिवळा यांत रंध्रं वलयभर विखुरलेली असतात. हेदूत ती इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसतच नाहीत, लाकूड एकसंध पिवळं वाटतं. मेरांटी या परदेशी लाकडाच्या छेदावर पांढऱ्या ठिपक्यांच्या लांब, वलयाला समांतर रांगा दिसतात. त्या राळेच्या नळ्या. त्या दिसल्या की ते लाकूड साग असूच शकत नाही, दुकानदार काहीही म्हणो. सिल्व्हर ओकमध्ये किरणरेषा, म्हणजे मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषा, इतक्या रुंद असतात की त्या नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात.

रंध्रांनंतर वजन. पूर्ण वाळलेल्या लाकडाचा १० × १० × ५ सेंटिमीटरचा ठोकळा काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला तरी पुरतं. साग साधारण ३०० ते ३४० ग्रॅम, शिसवी आणि ऐन ४०० च्या वर, शिवण २१० ते २५० च्या आसपास. ओल्या ओंडक्याचं वजन यात धरू नये, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात उघड्यावर ठेवलेल्या फळीचंही नाही. ठोकळा आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवून दोनदा तोलावा. दोन्ही वजनं सारखी आली तरच आकडा खरा.

जुन्या वाड्यांच्या लाकडात अडचण वेगळी. धूर, चुना आणि तेलपाणी यांनी वरचा थर काळा झालेला असतो, त्यामुळे ऐनाची तुळई शिसवी म्हणून विकायला येते. नमुना सांध्यात लपलेल्या टोकाचा घ्यावा, तिथं रंग मूळचा सापडतो. खिळ्याजवळचा भाग टाळावा. ऐन आणि बाभळीसारख्या लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन निळसर काळे डाग पडतात आणि ते शिसवीच्या काळ्या शिरांसारखे भासतात. कडेचा पांढरा भागही नमुन्याला नको. जवळजवळ सगळ्या जातींत तो फिकट आणि किडीनं खाल्लेला असतो, आणि रंग, वास या खुणा गाभ्यातच असतात.

अलीकडे शेतांच्या बांधावरचा आणि लागवडीचा माल वाढला आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ ऑस्ट्रेलियन बाभळीत होतो. तिचा गाभा पक्व झाला की गडद तपकिरी, काळसर पट्ट्यांचा निघतो. पॉलिश केल्यावर तो शिसवीच वाटतो आणि त्या भावानं विकलाही जातो. निवाडा करायला एक खूण पुरते. वलयाला समांतर चिरलेली फळी रंधा मारून ओली करायची आणि उजेडात तिरकी धरायची. शिसवीत फळीच्या आडव्या दिशेनं अत्यंत बारीक, समांतर लहरी दिसतात, कारण तिच्या किरणरेषा थरांत रचलेल्या असतात. ऑस्ट्रेलियन बाभळीत त्या नसतात. झाड उभं असेल तर काम आणखी सोपं. तिची पानं लांब, कोयत्यासारखी वाकलेली, आणि वेटोळ्या शेंगांतल्या बियांना नारिंगी धागा असतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ वाईट लाकूड नाही. नीट वाळवली तर खुर्च्या-टेबलांना चांगली आहे. ती तिच्याच नावानं आणि तिच्याच भावानं विकली जावी, एवढाच आमचा आग्रह आहे.

बिवळ्यातही अशा लहरी असतात, पण त्याची परीक्षा आणखी सोपी. मूठभर गाभ्याचा किस काचेच्या ग्लासभर पाण्यात अर्धा तास ठेवायचा, ग्लासामागे काळा कागद धरायचा आणि उन्हात बघायचं. पाण्यावर निळी झाक चमकली तर बिवळा समजायला हरकत नाही. किस कडेच्या पांढऱ्या भागाचा असेल तर ही झाक येत नाही आणि खरा बिवळा नापास होतो, म्हणून किस गाभ्याचाच आहे याची आधी खात्री करावी.

या पद्धतींना मर्यादा आहेत आणि त्या आम्ही पावतीवर लिहून देतो. साल गेली की ऐन आणि किंजळ भिंगाखाली खात्रीनं वेगळे करता येत नाहीत, तेव्हा आम्ही ‘ऐन-किंजळ गट’ एवढंच लिहितो. साग दांडेलीचा की घानाचा, हेही भिंगातून कळत नाही. वलयं रुंद असली तर झाड झपाट्यानं वाढलं एवढंच म्हणता येतं. शिसवीचं कुळ २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे आणि इथं वनखात्याच्या परवान्याशिवाय तिची वाहतूक करता येत नाही. म्हणून शिसवीचा संशय आला की कागद बघितल्याशिवाय आम्ही ओंडका उतरवून घेत नाही, आणि वाद उरला तर नमुना बंगळूरच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेकडे तपासणीला पाठवतो.

तुमच्याकडे अनोळखी लाकूड असेल तर त्याचा निदान वीतभर लांब, चार बोटं रुंद आणि इंचभर जाड गाभ्याचा तुकडा आणा, रंग किंवा पॉलिश न लावलेला. झाड नुकतंच पडलं असेल तर तळहाताएवढी साल आतल्या थरासकट, एखादी डहाळी आणि मिळालं तर फळ कागदात गुंडाळून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, दोन दिवसांत साल बुरसते. झाड कुठं उभं होतं तेही चिठ्ठीवर लिहा : रान, बांध, नदीकाठ की घराचं आवार.