तुम्ही विचारलंत म्हणून: समाजकार्याला पदवी कशाला?

‘समाजकार्य करायला डिग्री कशाला लागते? मन चांगलं असलं की झालं!’ ऑनर्सला प्रवेश घेतला तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. कधी नातेवाईक विचारतात, कधी मुलीला हाच विषय घ्यायचाय म्हणून काळजीत पडलेली आई विचारते. आणि कधी वर्षानुवर्षं लोकांसाठी राबलेली, हातात कुठलंच प्रमाणपत्र नसलेली माणसं विचारतात. त्यांच्यासमोर मी जपून बोलते, कारण माणसांबद्दल त्यांना माझ्याहून कितीतरी जास्त कळतं. तुम्हीही परवा मुलीसाठी विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चांगलं मन लागतंच. ते कॉलेजात मिळत नाही, आपलं आपण घेऊन जावं लागतं. पण चांगल्या मनालाही चुकीचं दिसू शकतं, हे मला दुसऱ्या वर्षाच्या फील्डवर्कमध्ये कळलं.

हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या वयस्कर रुग्णांकडे जायचं, त्यांचं घरी नीट चाललंय का ते पाहायचं, काय मदत लागेल ते विचारायचं, असं काम होतं. एका आजींकडे गेले. मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती. मी आजींना काही विचारलं की उत्तर मुलगीच द्यायची. झोप लागते का? मुलगी म्हणाली, लागते. गोळ्या कोण देतं? मुलगी म्हणाली, मीच. मधूनच ती आजींच्या कानाशी वाकून काहीतरी बोलायची आणि आजी मान हलवायच्या. घरी येऊन मी रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीची लेखी नोंद, लिहिलं: ‘मुलगी आईला बोलू देत नाही. आई दडपणाखाली आहेत.’ लिहिताना वाटत होतं, आपल्या हाती काहीतरी महत्त्वाचं लागलंय.

वही परत आली तेव्हा त्या दोन वाक्यांखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात सुपरव्हायझर मॅडमचं अक्षर: ‘हे पाहिलंस, की तुला वाटलं?’

फील्डवर्कमध्ये प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग लिहावं लागतं. कोण काय म्हणालं, मी काय म्हणाले, त्या वेळी माझ्या मनात काय आलं. पानावर उभे रकाने पाडायचे. एकात घडलेलं, दुसऱ्यात आपल्याला वाटलेलं. मी दोन्ही एकाच रकान्यात लिहून मोकळी झाले होते.

पुढच्या भेटीत मुलगी कशासाठी तरी आत गेली. मी उठून तिच्या जागेवर, आजींच्या डाव्या हाताला बसले आणि झोपेचा तोच प्रश्न पुन्हा विचारला. आजी लगेच बोलायला लागल्या. त्यांच्या उजव्या कानाला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. आदल्या खेपेला मी सगळं त्या कानाशी बोलले होते आणि मुलगी ते दुसऱ्या कानात पोचवत होती. त्या पाच मिनिटांत आजींनी आणखी एक सांगितलं. रात्रीची गोळी घेतली की त्यांना गरगरायचं, पण मुलगी घाबरेल म्हणून त्या गप्प होत्या. म्हणजे आजींशी एकटीने बोलायला हवं, ही माझी शंका खोटी नव्हती. कारण मात्र मी पार चुकीचं लावलं होतं. ती दोन वाक्यं तशीच फायलीत गेली असती, तर पुढे जो कोणी त्या घरी गेला असता त्याने आईची इतकी काळजी घेणाऱ्या मुलीकडे संशयानेच पाहिलं असतं. फाइल माणसाच्या आधी पोचते. याची मला अजूनही धास्ती वाटते.

तुमचा प्रश्न तसा शंभर वर्षांहून जुना आहे. १९१५ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या समाजकार्य परिषदेत शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी तो भर व्यासपीठावरून विचारला होता: समाजकार्य हा व्यवसाय आहे का? वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या अहवालामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि त्यांचं उत्तर होतं, अजून नाही. डॉक्टर किंवा वकिलासारखं स्वतःचं, शिकवता येईल असं तंत्र त्याच्याकडे नाही. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, समाजकार्यातल्याच मेरी रिचमंड यांचं ‘सोशल डायग्नोसिस’ हे पुस्तक आलं. वेगवेगळ्या शहरांतल्या संस्थांच्या केस-नोंदी, म्हणजे मदतीला आलेल्या माणसांच्या फायली, अभ्यासून लिहिलेलं ते जाडजूड पुस्तक आहे. पुरावा कशाला म्हणायचं, ऐकीव माहिती किती धरायची, पुराव्यावरून अनुमान काढताना माणूस कुठे घसरतो, यावर त्यात प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. पहिल्या वर्षी परीक्षेपुरतं वाचलेलं त्यातलं अनुमानाचं प्रकरण पेन्सिलीच्या रेघेनंतर मी पुन्हा काढून वाचलं. मॅडमचा प्रश्न तिथे आधीच होता.

बाकी अभ्यासक्रमात समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, सामाजिक धोरण, केसवर्क (एकेका माणसासोबतचं काम), ग्रुपवर्क (गटासोबतचं), समुदाय संघटन (वस्तीला एकत्र आणणं) असे विषय असतात. त्यातला कायदा मुलं कंटाळत शिकतात आणि नोकरीत सगळ्यात आधी तोच उघडतात. पण या पदवीचा कणा फील्डवर्कच. अमेरिकेत पदवीसाठी किमान ४०० तास फील्डवर्क लागतं, ऑस्ट्रेलियात १०००. इंग्लंडमध्ये तर दिवसांत मोजतात, २०० दिवस. नुसते तास भरून काही होत नाही म्हणा. प्रत्येक आठवड्याला कोणीतरी समोर बसून ‘असं का केलंस?’ विचारणारं लागतं.

तो प्रश्न मला फार लागला तो तिसऱ्या वर्षी. एक बाई मदतीचा अर्ज भरायला आल्या होत्या. त्यांना वाचता येत होतं, पण सावकाश. बाहेर रांग होती. मी म्हटलं, ‘द्या ताई, मी भरते,’ आणि दहा मिनिटांत भरून सही घेतली. त्यांनी माझे आभार मानले. दीड महिन्याने कार्यालयाचं पत्र आलं: अर्जातल्या अमुक माहितीचा खुलासा करा. त्या अर्जात काय लिहिलंय तेच त्यांना माहीत नव्हतं. मुदत गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेवढे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनी मला सांगितलंय. इथे लिहीत नाही. समाजकार्याचे अमेरिकन प्राध्यापक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली केसवर्कची सात तत्त्वं मला तोंडपाठ होती. त्यातलं एक स्वनिर्णयाचं: ज्याचं आयुष्य, त्याचा निर्णय. पेपरात त्यावर मी दोन पानं लिहिली होती आणि त्या बाईंच्या हातातलं पेन मात्र काढून घेतलं होतं. आता मी अर्ज माझ्या आणि त्यांच्या मध्ये ठेवते, एकेक रकाना वाचते आणि थांबते. रांगेतल्यांना सांगते, वेळ लागेल.

आता ऑनर्सचं. त्याचा अर्थ देशागणिक बदलतो. कुठे ते जास्तीचं वर्ष असतं, कुठे आहे त्याच वर्षांत बसवलेलं. पण बहुतेक ठिकाणी स्वतः संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो. मी विषय घेतला, मदत मागायला आलेली माणसं मध्येच येणं का बंद करतात. मुलाखती घेण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाने कोणाला त्रास होणार नाही ना हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. माझा अर्ज परत आला आणि त्यावर शेरा होता: ‘ज्यांना या संस्थेच्या मदतीची पुन्हा गरज पडू शकते, ती माणसं तुम्हाला नाही कशी म्हणतील?’ मी संमतीपत्र केलं होतं, सही करायची जागा ठेवली होती, सगळं केलं होतं. पण विचारणार होते मी, त्याच संस्थेत काम करणारी मुलगी. मग पद्धत बदलली. संस्थेशी संबंध नसलेल्या एका संशोधक ताईंनी लोकांशी पहिलं बोलणं केलं, आणि कोण नाही म्हणालं ते मला कधीच कळणार नाही अशी व्यवस्था ठेवली. अकराजण हो म्हणाले. तासाभराचं बोलणं जसंच्या तसं उतरवायला निम्मा दिवस जातो, म्हणून अकरा मला पुरून उरले.

मला वाटलं होतं, लोक येण्याजाण्याची अडचण सांगतील, कागदपत्रांची सांगतील. सांगितलीही. पण पुन्हा पुन्हा निघालं ते वेगळंच: दर वेळी नवा कार्यकर्ता, दर वेळी तीच कहाणी पहिल्यापासून. एकजण म्हणाले, ‘बायको गेल्याचं मी तुमच्या ऑफिसात चार जणांना सांगितलं. पाचव्यांदा सांगायला आलो नाही.’ हे वाक्य उतरवताना मी टेप थांबवून बराच वेळ तशीच बसले होते. प्रबंधाला मार्क किती पडले ते आज कोणी विचारत नाही, पण नवीन माणूस समोर आला की मी आधी फाइल वाचून घेते, आणि जे लिहिलेलं आहे ते त्याला पुन्हा सांगायला लावत नाही.

मग पदवी घ्यावी का? लोकांसाठी आयुष्य घालवलेल्या, पदवी नसलेल्या माणसांना मी कधीही ‘आता शिका’ म्हणणार नाही. त्यांना त्यांच्या कामात कोणी ना कोणी टोकलेलं असतं, त्यातून ती शिकलेली असतात. पण विशीतल्या मुलीला दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या अडचणीच्या दिवसांत पाठवायचं असेल, तर तिच्या चुका लवकर पकडणारं कोणीतरी हवं, आणि ती सोय पदवीत आहे. मुलगी थकेल, हेही सांगते. दिवसभर ऐकलेलं घेऊन घरी येईल आणि गोपनीयतेमुळे तुम्हाला त्यातलं काही सांगू शकणार नाही. तेव्हा खोदून विचारू नका, नुसतं जवळ बसा.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत, ग्रंथालय सगळं पाहा, पण एक जरूर विचारा: फील्डवर्कचे सुपरव्हायझर आठवड्यातून किती वेळ मुलांसोबत बसतात, आणि एकाकडे किती मुलं असतात? उत्तर गोलगोल आलं, तर दुसरं कॉलेज बघा.