सही कुणाची?

टोरांटोत लोकांना पायी फिरवून जुनं शहर दाखवणं हे माझं काम. माझ्या फेऱ्यांमधली एक महापौरांवर आहे. पहिल्या महापौरांच्या घरापासून निघायचं, मंडईपाशी थांबायचं, जुनी सिटी हॉल बघायची आणि नव्या सिटी हॉलच्या चौकात संपवायचं. अडीच-तीन तास लागतात. ही फेरी मी इतक्यांदा केली होती की कुठल्या कोपऱ्यावर कुठलं नाव घ्यायचं हे पायांनाच ठाऊक झालं होतं.

२४ जून २०२३, शनिवार. सोमवारी, म्हणजे २६ तारखेला, महापौरपदाची पोटनिवडणूक होती. फेब्रुवारीत जॉन टोरी यांनी राजीनामा दिला होता आणि रिकाम्या जागेसाठी १०२ उमेदवार उभे होते. खांबाखांबावर पाट्या लागल्या होत्या. त्या दिवशी एका मराठी मुलीनं तिच्या आईसाठी फेरी ठरवली होती. फोनवर एवढंच म्हणाली, "आई साताऱ्याकडच्या एका नगरपालिकेत पूर्वी नगराध्यक्ष होत्या. त्यांना आवडेल. गुडघे दुखतात, जरा सावकाश घ्याल ना?"

काकू सत्तरीच्या. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, पायात मुलीचे बूट, हातात छत्री. बाँड स्ट्रीटवरच्या ८२ नंबरच्या घरापाशी भेटलो. हे विल्यम लायन मॅकेंझी यांचं घर, आता संग्रहालय आहे. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं. १७९५ चा जन्म, स्कॉटलंडमधल्या डंडीचे, १८२४ मध्ये 'कॉलोनियल अॅडव्होकेट' नावाचं वर्तमानपत्र काढलं, सत्ताधारी घराण्यांवर आसूड ओढले. १८३४ मध्ये यॉर्क गावाचं टोरांटो शहर झालं आणि हे पहिले महापौर झाले.

"संपादक होते?" काकू एकदम थांबल्या. "मग छापखाना कुठाय?"

घराच्या मागच्या बाजूला त्या काळचा छापखाना पुन्हा उभा केलाय. आत गेल्या गेल्या काकूंनी छत्री मुलीकडे दिली आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, खणाखणांच्या पेटीपाशी, केसपाशी, जाऊन उभ्या राहिल्या. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून मी एक खिळा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्यानं उलटा केला, बाजूची खाच चाचपली आणि न बघताच चिमटीत सरळ धरला. सासऱ्यांचं साप्ताहिक होतं म्हणाल्या, ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या यंत्रावर, छापायचे. लग्न होऊन आल्यावर पहिली चार वर्षं दुपारी खिळे जुळवायला त्याच बसत. "खाच वर आली की अक्षर सुलटं. बोटाला कळतं."

मग मी त्यांना १८२६ ची गोष्ट सांगितली. जून महिन्यात सत्ताधारी घरांतली तरुण पोरं मॅकेंझींच्या छापखान्यात भरदिवसा घुसली, यंत्र मोडलं आणि खिळे नेऊन सरोवरात फेकले. पर्यटक इथं बहुतेक हसतात, कारण पुढचा भाग गमतीचा आहे. कोर्टानं ६२५ पौंड भरपाई दिली आणि बुडायला आलेलं वर्तमानपत्र त्यावर तगलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी हातातला खिळा केसमध्ये त्याच्या खणात नीट परत ठेवला आणि बराच वेळ केसकडे बघत राहिल्या. "एक केस सांडली तर लावायला दोन दिवस जातात गं," एवढंच म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या गोष्टीतलं नुकसान मला पहिल्यांदा दिसलं.

तिथून आम्ही सावकाश चालत किंग आणि जार्विस रस्त्यांच्या कोपऱ्यावर आलो. आज तिथं सेंट लॉरेन्स हॉल आहे. त्याआधी त्या जागी मंडईची इमारत होती आणि शहराची पहिली पालिका तिथंच भरायची. मी सांगितलं, की पाच वॉर्ड होते आणि प्रत्येक वॉर्डातून चार जण, असे वीस. २७ मार्च १८३४ च्या निवडणुकीत मॅकेंझींच्या बाजूचे जास्त निवडून आले आणि मग त्यांनी आपल्यातूनच महापौर निवडला. जॉन रॉल्फ यांना ते पद आपल्याला मिळेल अशी आशा होती. ते नाराज होऊन राजीनामा देऊन मोकळे झाले.

"म्हणजे लोकांनी नाही निवडला महापौर. नगरसेवकांनी निवडला."

"हो काकू."

"आणि सही कुणाची?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. बिलावर सही कुणाची, नोकर ठेवायचा-काढायचा तर सही कुणाची, कर वाढवायचा तर कुणाच्या सहीनं? खुर्चीवर कोण बसलं ते पाटीवर लिहिलेलं असतं. सही कुणाची चालते ते विचारल्याशिवाय पालिका कळत नाही.

त्या एका प्रश्नानं माझी फेरी मोडली आणि नव्यानं जुळवायला लागली. मी तिथंच पायरीवर बसले आणि जेवढं माहीत होतं तेवढं त्या बाजूनं आठवायला लागले. १८३४ चा महापौर म्हणजे सभेचा अध्यक्ष, शिवाय न्यायाधीशही. महापौरांचं कोर्ट भरायचं, मॅकेंझी शिक्षा सुनवायचे. चिखलानं भरलेल्या किंग स्ट्रीटच्या कडेनं फळ्यांचे फूटपाथ घालायचे म्हणून त्यांनी कर वाढवला आणि लोक चिडले. त्याच उन्हाळ्यात शहरात कॉलरा आला. रोग्यांना दवाखान्यात पोचवायला ते स्वतः गेले आणि स्वतःही आजारी पडले. एका वर्षात पद गेलं. १८३७ च्या डिसेंबरात त्यांनीच सरकारविरुद्ध बंड पुकारलं. ते फसलं, डोक्यावर १,००० पौंडांचं बक्षीस लागलं आणि ते अमेरिकेत पळाले. पुढे माफी मिळाल्यावर परत आले. आम्ही पाहिलं ते घर मित्रांनी वर्गणी काढून त्यांना घेऊन दिलेलं, तिथंच १८६१ मध्ये वारले.

"कर वाढवला की पडतोच माणूस," काकू म्हणाल्या. हे त्या अनुभवानं बोलत होत्या.

त्यांचा अनुभव मंडईत कळला. फ्रंट स्ट्रीटवरच्या दक्षिणेकडच्या मंडईत १८४५ ची सिटी हॉल जशीच्या तशी गिळलेली आहे. आत शिरून वळून वर बघितलं, की मासळी आणि मटणाच्या गाळ्यांच्या डोक्यावर जुन्या विटांची भिंत आणि मोठाल्या खिडक्या दिसतात. ते सभागृह. १८९९ पर्यंत महापौर तिथं बसायचे, खाली पोलीस ठाणं आणि तळघरात कोठड्या होत्या. सरोवर तेव्हा इमारतीच्या पाठीशीच होतं, आता भराव घालून कितीतरी दक्षिणेला सरकलंय. शनिवारची गर्दी होती, तव्यावर बेकन चरचरत होतं आणि काकू मान वर करून खिडक्यांकडे बघत होत्या.

मी सांगितलं, की याच सभागृहाच्या काळात महापौर निवडायची पद्धत फिरत राहिली. आधी नगरसेवक निवडायचे. १८५९ मध्ये पहिल्यांदा मतदारांनी थेट निवडला, अॅडम विल्सन यांना. १८६७ मध्ये पुन्हा नगरसेवकांकडे गेलं. १८७४ पासून परत थेट, ते आजपर्यंत.

काकूंनी माझा दंडच धरला. "अगं, हे तर आमचं!"

आणि खरंच आहे ते. महाराष्ट्रात २००१ मध्ये नगराध्यक्ष थेट लोकांतून आले, पुढे ती पद्धत रद्द झाली, २०१६ मध्ये परत आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. काकू २००१ च्या निवडणुकीत थेट निवडून आलेल्या. गावानं भरभरून मतं दिली, पण सभागृहात बहुमत दुसऱ्यांचं. पाण्याच्या नव्या लाईनचा ठराव त्यांनी तीनदा मांडला. एकदा गणपूर्तीच झाली नाही, दोनदा नामंजूर झाला. बायका हंडे घेऊन दारात यायच्या. काकू म्हणाल्या, "त्यांना काय सांगू? मला तुम्ही निवडलंत, पण हात वर करणारे ते आहेत?" मुलगी बाजूला उभी होती. तिनं हे आधी कधी ऐकलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग तिनं आईसाठी चहा आणला आणि आम्ही तिघी एका बाकावर बसून राहिलो. त्या पाऊण तासाचे पैसे घ्यायचं मला सुचलंही नाही.

चहा पिताना मी त्यांना बायकांच्या मताचं सांगितलं. टोरांटो ज्या राज्यात आहे त्या ओंटारिओत १८८४ मध्ये स्वतःच्या नावावर मालमत्ता असलेल्या विधवा आणि अविवाहित बायकांना पालिकेत मत मिळालं. १८८६ मध्ये सुधारणावादी विल्यम हाउलंड महापौर म्हणून निवडून आले, त्यात या मतांचा वाटा मानतात. सभागृहात पहिली बाई पोचली १९२० मध्ये, कॉन्स्टन्स हॅमिल्टन. आणि महापौरपदी पहिली बाई १९९१ मध्ये, जून रोलंड्स. काकूंनी बोटांवर हिशेब केला. मत मिळाल्यापासून खुर्चीपर्यंत १०७ वर्षं.

जुन्या सिटी हॉलपर्यंत आम्ही टॅक्सी केली. ती १८९९ ची, वास्तुकार ई. जे. लेनॉक्स. दरवाजाच्या कमानीवर वेडीवाकडी तोंडं कोरलीत. ती त्या वेळच्या नगरसेवकांची आहेत आणि त्यांत एक नीटस मिशांचं तोंड लेनॉक्स यांचं स्वतःचं, असं सांगतात. पालिकेनं त्यांना नावाची पाटी लावू दिली नाही. म्हणून त्यांनी छपराखालच्या दगडांवर एकेक अक्षर कोरून इमारतीभोवती आपलं नाव घातलं. "बघा," मी म्हणाले, "ही एक सही." काकू खूप वेळ मान वर करून अक्षरं शोधत होत्या, मुलगी वाचून दाखवत होती.

कारभार या इमारतीत असताना खरी सही महापौरांच्या एकट्याच्या हातात नव्हतीच. १८९६ पासून बोर्ड ऑफ कंट्रोल नावाचं छोटं मंडळ होतं, महापौर त्याचे अध्यक्ष. अंदाजपत्रक आणि ठेके तिथं ठरायचे. ते फिरवायचं तर पूर्ण सभागृहाच्या दोन तृतीयांश मतांची गरज. "स्थायी समिती," काकू लगेच म्हणाल्या. अगदी तशीच नाही, पण नात्यातली खरी. ते मंडळ १९६९ पर्यंत टिकलं.

शेवट नेथन फिलिप्स चौकात. शंभरेक वर्षं इथले बहुतेक महापौर ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचे असायचे. १९५४ च्या निवडणुकीत फिलिप्स यांनी ती ओळ तोडली. शहराचे पहिले ज्यू महापौर. समोरची दोन वाकलेल्या बुरुजांची सिटी हॉल हा त्यांचा ध्यास. जगभरातून पाचशेच्या वर आराखडे आले, फिनलंडचे विल्यो रेवेल यांचा निवडला. १९६५ मध्ये इमारत उघडली तेव्हा रेवेल हयात नव्हते. पण काकूंच्या प्रश्नानंतर मला दुसरंच सांगावंसं वाटलं. त्या काळात पाणी, मोठे रस्ते, पुढे पोलीस, हे सगळं मेट्रो टोरांटो या वरच्या संस्थेकडे होतं. तिचे अध्यक्ष फ्रेडरिक गार्डिनर यांना लोकांनी त्या पदावर कधी थेट निवडलं नव्हतं. महापौरांच्या नावानं चौक आहे, गार्डिनर यांच्या नावानं सरोवराकाठचा महामार्ग. यावरून सही कुणाची चालायची ते कळतं. १९९८ मध्ये राज्यानं सहा पालिका एकत्र करून टाकल्या, आदल्या वर्षीच्या मतदानात लोकांनी मोठ्या बहुमतानं नको म्हटलं तरी. आणि २०१८ मध्ये निवडणुकीची धामधूम सुरू असताना राज्यानंच नगरसेवकांच्या ४७ ठरलेल्या जागा २५ वर आणल्या.

"आणि सोमवारी जो निवडून येईल त्याच्या हातात काय?"

पुष्कळ, मी म्हणाले. २०२२ च्या कायद्यांनी इथल्या महापौरांना मोठे अधिकार दिलेत. अंदाजपत्रक तेच मांडतात, खात्यांचे प्रमुख तेच नेमतात, काही ठराव नाकारू शकतात, आणि काही विषयांत सभागृहातल्या एक तृतीयांशाहून जास्त मतांवर उपविधी मंजूर करून घेऊ शकतात. हे ऐकून काकू खूश होतील असं मला वाटलं होतं. पाण्याच्या लाईनसाठी त्यांना हेच हवं होतं ना? त्या गप्प झाल्या. कारंज्याच्या कडेला बसून बूट सैल करत म्हणाल्या, "मला नको होतं असं. मला माझे एकोणीसच्या एकोणीस नगरसेवक पटवायचे होते."

सोमवारी रात्री ऑलिव्हिया चाऊ निवडून आल्या. हाँगकाँगमधून तेराव्या वर्षी इथं आलेल्या. एक तृतीयांशवाला अधिकार वापरणार नाही असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मंगळवारी सकाळी काकूंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता, जणू त्यांच्या घरातलीच कुणी निवडून आली होती.

"ऐक, त्या पंचविसातले किती तिच्या बाजूचे?"

इथं पालिकेत पक्षांच्या चिन्हावर लढत नाहीत, म्हणून मोजता येत नाही, प्रत्येक ठरावाला नव्यानं जुळवावं लागतं, असं मी सांगितलं.

"मग पंचवीसही नावं पाठव मला," काकू म्हणाल्या. "वॉर्डसकट. आणि मराठीत लिही."

मी त्या दुपारी बसून लिहिली.