सातव्या प्रकरणात बासरी नको

केनेथ ग्रॅहमच्या ‘द विंड इन द विलोज’ या मुलांच्या पुस्तकातलं (१९०८) सातवं प्रकरण काढून टाकलं तरी बेडूकरावांची गोष्ट कुठे अडत नाही. १९२९ साली ‘विनी-द-पू’वाल्या ए. ए. मिल्ननं त्यावर नाटक केलं, त्यातही ते नव्हतं. मी वाचतेय त्या श्राव्यपुस्तकातूनही आमच्या निर्मात्यांना ते गाळायचं होतं. शेवटी तडजोड झाली, की प्रकरण राहील, पण मागे बासरी वाजेल. वाचन सुरू होण्याआधी वाद झाला तो याच बासरीवर.

पाणमांजराचं पिल्लू, पोर्टली, हरवलंय. पाणउंदीर रॅट आणि बिळात राहणारा मोल रात्रभर नाव वल्हवत त्याला शोधतात. पहाटे बंधाऱ्याजवळच्या बेटावर त्यांना शिंगांचा, दाढीचा, बकऱ्याच्या खुरांचा देव दिसतो. पिल्लू त्याच्या खुरांमध्ये गाढ झोपलेलं असतं. देवाचं नाव ग्रॅहम घेत नाही, पण हा ग्रीकांचा रानदेव पॅन.

आपल्याकडे बासरीचा पहिला सूर लागला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कृष्ण उभा राहतो, मग शिंगं आणि खूर कोण बघणार! या देवाचं वाद्यच निराळं. कमीजास्त लांबीच्या बोरूंची जुडी, बोटांसाठी भोकं नाहीत, बाटलीच्या तोंडावर फुंकावं तशी वरच्या कडेवर फुंकर मारायची. पण योग्य वाद्य आणलं तरी ते वाजवायचं कुठे? सूर आधी एकट्या रॅटला ऐकू येतात. मोलला फक्त लव्हाळ्यातला वारा. तिथे वाद्य वाजवलं तर मोल बहिरा ठरतो. आणि देव दिसतो तेव्हा वाद्य नुकतंच ओठांवरून खाली आलेलं असतं, म्हणजे संगीत संपलेलं. पार्श्वसंगीतवाल्यांना नेमकं तिथेच उसळायचं असतं. मजकूर न वाचता संगीत देण्याची ही सवय कधी जाणार कोण जाणे. वादाअंती बासरी गेली, हे मात्र बरं झालं.

मोल कुजबुजत विचारतो, भीती वाटते का? रॅट म्हणतो, याची भीती? छे! आणि लगेच कबूल करतो, की वाटते. कुजबुज नुसत्या श्वासावर केली तर ‘भीती’तला ‘भ’ माइकवर धडकतो आणि पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची जाळीही त्याला पुरत नाही. म्हणून माइकपासून वीतभर अंतर, तोंड किंचित बाजूला, आणि आवाज दबका पण स्वर असलेला. त्यानंतर मी तीन सेकंद थांबते. अशा जागा सॉफ्टवेअर ‘रिकाम्या’ समजून कापतं. हातानं परत घातल्या तरी त्या निव्वळ शून्य ठेवून चालत नाहीत. ऐकणाऱ्याला फाइल बिघडली असं वाटतं. एसी बंद करून, सगळ्यांनी गप्प बसून घेतलेला खोलीचा आवाज तिथे पसरावा लागतो.

इथवर तंत्र. अडतं ते पुढे. देव नाहीसा होतो, वाऱ्याची झुळूक येते आणि दोघं सगळं विसरतात. ग्रॅहमच्या लेखी ही देणगी आहे. आठवण राहिली तर पुढचं साधं सुख फिकं पडेल. मग पोर्टली जागा झाल्यावर बेटभर कुणाला शोधत रडतो? रॅट गवतातल्या खुरांच्या ठशांकडे एवढा वेळ का बघत राहतो? विसरणं पिल्लाला लागू पडलेलं नाही, आणि रॅटला अर्धवटच.

आमचा ध्वनिमुद्रक सावंतवाडीचा. तो म्हणाला, “हा तर आमचा राखणदार, गावाची राखण करणारा देव. पण आमच्याकडे विसरून चालत नाही, दरवर्षी त्याला राखण, म्हणजे त्याचा मान द्यावा लागतो.” मला हे ग्रॅहमच्या खुलाशापेक्षा जास्त पटलं.

दिग्दर्शकांना पोर्टलीचं रडणं गोड हवं होतं. मुलांसाठी म्हटलं की गोड, हा आमच्या धंद्याचा जुना रोग. तसा एक टेक दिला. दुसऱ्यात हुंदका नाही, नुसतं निवेदन, आणि ठशांपाशी वेग कमी. दोन्ही फाइली संकलनाकडे गेल्यात. मी दुसरीवर खूण केली आहे.