आईच्या छातीतला काटा

रविवारी घोळ माशाच्या डोक्याचं कालवण होतं, आई जेवता जेवता बोलत होती आणि काटा घशात गेला. सगळे करतात तेच आम्हीपण केलं, सुक्या भाताचे गोळे, मग केळं. हे मीच करायला लावलं आणि ते मला अजून खुपतंय, कारण त्याने काटा खाली जाईलच असं नाही, उलट अजून आत रुतू शकतो.

घशातलं टोचणं थांबलं पण रात्री छातीच्या मधोमध दुखायला लागलं, पाठीत कळ जायची. सोमवारी जवळच्या डॉक्टरांकडे एक्सरे काढला, काही दिसलं नाही, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. माशाचा काटा एक्सरेत बरेचदा दिसतच नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बुधवारी ताप आला. मग टॅक्सी करून सरळ परळला मोठ्या हॉस्पिटलात, केसपेपर, स्ट्रेचर, आणि रात्री कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध, देऊन सीटी स्कॅन. डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवलं, पांढरी बारीक रेघ, अन्ननलिकेच्या भिंतीतून बाहेर आलेली, आणि टोक महाधमनीला जवळजवळ टेकलेलं. हृदयातून निघालेली ही मोठी रक्तवाहिनी वळताना अन्ननलिकेला अगदी खेटून जाते म्हणे, आणि तिथेच नळी थोडी अरुंद असते म्हणून वस्तू तिथे अडकतात.

मला वाटलं आता दुर्बीण घालून लगेच काढतील. पण ते म्हणाले, "थांबा, रक्तवाहिनीला भोक पडलं असेल तर काट्यानेच ते बुजलेलं असू शकतं, ओढला तर रक्त थांबवता येणार नाही." म्हणून आधी हार्टचे सर्जन तयार, ऑपरेशन थिएटर तयार, रक्ताची सोय. भाऊ आणि चाळीतले तिघं रात्री २ वाजता ब्लड बँकेबाहेर उभे होते, त्यांचं हे मी विसरणार नाही.

काटा दुर्बिणीनेच निघाला, छाती उघडावी लागली नाही. नर्सने छोट्या डबीत दाखवला, चपटा, एका बाजूला सुईसारखा.

पण खरी भीती नंतरची होती. तोंडावाटे काही नाही, नाकातून नळी, अँटिबायोटिक, आणि परत सीटी, कारण भिंत सडून रक्तवाहिनी नंतरही फुटू शकते. डॉक्टरांनी बजावलं होतं, उलटीत थोडंसं रक्त आलं आणि थांबलं तर बरं वाटलं म्हणून घरी बसू नका, काही तासांनी किंवा दिवसांनी एकदम मोठा रक्तस्राव होतो. घरी आणल्यावर कितीतरी रात्री मी आईच्या खाटेजवळ खालीच झोपलो, ती खोकली की लाइट लावून रुमाल बघायचो.

परवाचा सीटी क्लिअर आलाय.