चौबगला

इंदूरला पलासियाच्या मागच्या गल्लीत एका फॅशन डिझायनरचं नवं बुटीक उघडलंय. आईला घेऊन गेले. तिने रामबागेत तीस वर्षं शेजारपाजारच्या ब्लाउजांची मापं घेतली; कपडा अंगासरशी बसला नाही की तिचा जीव खालीवर होतो. आणि इथे तर सगळंच सैल! दोन दांड्यांवर मोजके कुर्ते, ताकासारखा पांढरा, राखी, ओल्या मातीचा. ना टिकली, ना जर. "माल यायचाय वाटतं अजून," आई कुजबुजली.

"आंटी, ये रिलॅक्स्ड फिट है," काउंटरवरची मुलगी म्हणाली. आईने मान डोलावली आणि एक कुर्ता सरळ उलटा केला. शिवण ती आतूनच बघते. घरी आलेल्या सुनांचीसुद्धा तशीच बघितली असती, पण आम्हाला भाऊच नाही. कडा आत दुमडून पुन्हा शिवलेल्या, सुटा दोरा एकही नाही. मग बोट बगलेत गेलं आणि तिथेच थांबलं.

"चौबगला घातलाय गं!"

बगलेतला तो चौकोनी तुकडा. त्याच्यामुळे हात वर केला तरी कुर्ता वर चढत नाही. आजोबांच्या बंडीला असायचा. पुढे घाईघाईच्या शिलाईत आईनेही तो सोडून दिला होता.

कापड महेश्वरी होतं, ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. म्हणून अंगावर हलकं आणि तरी जरासं चमकतं. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर. अहिल्याबाईंनी तिथे विणकर वसवले, त्यांच्या काठांवर अजून किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी उतरते. खालच्या घेराला डिझायनरने साडीचा बुगडी काठ तसाच ठेवला होता. तो दोन्हीकडून सारखाच दिसतो, त्यामुळे कुर्ता उलटा धरूनही आईला तिथे उलटी बाजू सापडेना. तिने दोनदा फिरवून पाहिला.

किमतीची चिठ्ठी मी वाचली. तिला दाखवली नाही.

"कटिंग कौन करता है?"

"मास्टरजी हैं, अंदर."

आई चप्पल काढून पडद्याआड गेली. मी स्टुलावर. पाच मिनिटांनी आतून मास्टरजींचा आवाज आला, "नहीं माताजी, आड़ा नहीं, सीधा काटते हैं," आणि त्यावर आईचा, "मग तिरपा ताण येत नाही?" भांडणात आणि शिलाईत ती मराठीवर येते. पाऊण तास झाला. मुलीने मला चहा आणून दिला, सोबत शेव.