जिरूची वाकडी मान : मे ते ऑगस्टच्या नोंदी

आमच्या सशाची, जिरूची मान अजून डावीकडे झुकलेली आहे. मे महिन्यात ती जवळजवळ जमिनीला टेकली होती, एक डोळा छताकडे आणि एक फरशीकडे. आज तो स्वतःच्या पायांनी शी-शूच्या ट्रेपर्यंत जातो, गवत ओढून खातो, उजवा कान दोन्ही पंजांत धरून चाटून काढतो. डावा कान अजून जमत नाही. ई. क्युनिक्युलाय या परजीवीचं नाव ऐकून ज्या ससेवाल्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी या नोंदी जरा सविस्तर लिहितेय.

जिरू नसबंदी झालेला नर आहे, जिऱ्याच्या रंगाचा, आजारापूर्वी वजन १६४० ग्रॅम. त्याची जोडीदार बडीशेप, पांढरी आणि खमकी. दोघं पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये मोकळे फिरतात, रात्री प्लेपेनमध्ये, म्हणजे जाळीच्या कुंपणात झोपतात.

मे, सुरुवात

पहिलं लक्षण मान नव्हतंच. उडी मारून चटईवर चढताना त्याचा मागचा पाय घसरायचा. उन्हाळा होता, तो सुस्त असणं नवीन नव्हतं. मग एका सकाळी तो कुशीवर पडून गोल गोल लोळत होता आणि थांबू शकत नव्हता. बुबुळं एका बाजूला सरकत आणि झटक्याने परत येत. शेजारच्या काकू म्हणाल्या, ऊन लागलंय. पण उष्माघातात कान तापतात, ससा धापा टाकतो, निपचित पडतो. जिरूचे कान नेहमीइतकेच गार होते आणि लोळायचा तो फक्त डाव्या अंगावर.

पहिल्या दवाखान्यात सांगितलं की मान फिरलेला ससा जगत नाही, त्याला त्रासातून सोडवा. मी जिरूला घेऊन तशीच बाहेर पडले आणि सशांचं नियमित बघणाऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. मान वाकडी झाली म्हणून सशाला कायमचं झोपवायचा निर्णय पहिल्या दिवशी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. खाणारा, आपल्याला ओळखणारा ससा असेल तर औषधाला आणि शुश्रूषेला काही आठवडे द्यायलाच हवेत.

मॅडमनी आधी कान बघितले. मान वाकडी होण्याची दोन मोठी कारणं : मधल्या किंवा आतल्या कानातला जंतुसंसर्ग आणि ई. क्युनिक्युलाय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. कानात दुर्बीण घालून पाहिलं, कवटीचा एक्स-रे काढला, कानामागची हाडाची पोकळी दोन्ही बाजूंना स्वच्छ होती. मागच्या पायांतली कमजोरीही परजीवीकडे बोट दाखवत होती. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी असते, पण अनेक ठणठणीत सशांच्या रक्तातही ही प्रतिपिंडं सापडतात. कधीतरी संसर्ग झाला होता एवढंच त्यातून कळतं, आजचा आजार त्याचाच आहे हे सिद्ध होत नाही. त्यामुळे अहवालासाठी न थांबता औषध सुरू केलं.

हा परजीवी नेमका काय करतो

एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय हा मायक्रोस्पोरिडिया गटातला. १९२२ साली लकवा झालेल्या सशांमध्ये त्याची पहिली नोंद झाली. बरीच वर्षं त्याला आदिजीव (प्रोटोझोआ) समजत, आता त्याला बुरशीच्या जवळचा मानतात. त्याचा बीजाणू डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान, पण आत गुंडाळलेली एक नळी असते. योग्य जागी पोचला की ती नळी फटकन बाहेर पडते, सशाच्या पेशीत घुसते आणि बीजाणूतला सगळा ऐवज आत ओतते. पेशीत तो वाढतो, पेशी फुटते, नवे बीजाणू पसरतात. मूत्रपिंड, मेंदू आणि डोळा ही त्याची आवडती ठिकाणं. पेशी फुटल्या की शरीर तिथे सूज आणतं आणि तोल जाणं, लोळणं हे बहुतेक त्या सुजेचं फळ असतं.

बीजाणू लघवीतून बाहेर पडतात. लघवी लागलेलं गवत किंवा पाणी तोंडात गेलं की दुसऱ्या सशाला संसर्ग होतो. आईकडून पोटातल्या पिल्लालाही होतो. पुष्कळ ससे तो आयुष्यभर बाळगतात आणि काहीच होत नाही. जिरूला लहानपणीच झालेला असू शकतो आणि एखाद्या ताणानंतर तो वर आला असेल.

यातली एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. औषध परजीवीची वाढ थांबवतं, मेंदूत झालेली इजा ते पुसत नाही. पुढची सुधारणा होते ती सूज उतरल्यामुळे आणि मेंदू तोल सांभाळायला नव्याने शिकतो म्हणून. त्याला वेळ लागतो आणि त्या वेळात ससा जिवंत, खाता-पिता ठेवणं हे आपलं काम. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मान नंतर बघू हो. तुम्ही लेंड्या मोजा."

औषधं

फेनबेंडाझोल हे जंतनाशक, किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. जिरू तेव्हा १४०० ग्रॅमवर आला होता, म्हणजे २८ मिलिग्रॅम. आपल्याकडे हे औषध वेगवेगळ्या तीव्रतेच्या बाटल्यांत मिळतं. मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असेल तर १.१ मिली, १०० मिलिग्रॅम असेल तर जेमतेम ०.२८ मिली. चौपट फरक! बाटली बदलली की गणित पुन्हा करायचं आणि डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवायचं. कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्यांत बहुधा दोन-तीन औषधं एकत्र असतात. मॅडमनी नुसतं फेनबेंडाझोल असलेलंच आणायला सांगितलं होतं. या औषधाने काही सशांच्या अस्थिमज्जेवर परिणाम होतो, रक्तपेशी कमी होतात, म्हणून सुरुवातीला आणि मध्यावर रक्त तपासलं. दोन्ही वेळा ठीक आलं.

सोबत सुजेसाठी मेलॉक्सिकॅम. ते देण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी केली, कारण हा परजीवी तिथेही बसतो. चकरीसाठी मेक्लिझिन. त्याने पहिल्याच दोन-तीन दिवसांत लोळणं कमी झालं आणि माझ्या मते त्याच्या जेवणाला सगळ्यात मोठा हातभार याच गोळीने लावला. ज्याच्याभोवती खोली फिरतेय तो गवत कसं खाणार?

बडीशेपलाही मॅडमनी तोच कोर्स दिला. तिला लक्षण काही नव्हतं, पण दोघं एकाच ट्रेमध्ये बसणारे.

भरवणं

खरी लढाई इथे होती. सशाचं पोट थांबलं की बाकी सगळं थांबतं. दहा-बारा तास तो काही खात नसेल, लेंड्या पडत नसतील, तर सकाळची वाट बघायची नाही.

तयार रिकव्हरी फूड महाग पडतं आणि वेळेवर मिळेलच असं नाही. आम्ही त्याच्या रोजच्या पेलेट्स (खाद्याच्या सुक्या कांड्या) कोमट पाण्यात भिजवून, घोटून, गाळून घेत होतो, वर चमचाभर शिजवलेला लाल भोपळा. किलोमागे दिवसाला सुमारे ५० मिली, चार-पाच वेळांत विभागून. आई म्हणाली, "तू धर, मी भरवते," आणि खरंच तिच्या हाताला ते जास्त साधलं. टॉवेलात गुंडाळलेला जिरू माझ्या छातीशी, डोकं माझ्या तळहाताने शक्य तितकं सरळ धरलेलं. सिरिंज समोरून घालायची नाही, बाजूने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत. एका वेळी अर्धा मिली, मग थांबायचं, जबडा आडवा फिरतोय का बघायचं, घोट गेला की पुढचं. झुकलेल्या डोक्यात घाईने ओतलं तर ते श्वासनळीत जातं. आई प्रत्येक घोटाला "हं, गिळ राजा" म्हणायची आणि मे संपता संपता तो तिचा आवाज ऐकला की ओठ हलवू लागला.

बाटलीचं नळकांडं त्याला सापडेना, म्हणून जड मातीची वाटी, तिच्या कडेला टॉवेल. कोथिंबीर, पुदिना, मेथी धुऊन न झटकता ओलीच द्यायची, तेवढंच पाणी पोटात जातं. गवत त्याच्या वरच्या डोळ्यासमोर, तोंडाला लागेल असं. टिमोथी हे वाळलेलं गवत संपलं तेव्हा स्वच्छ जागेवरच्या दूर्वा. लसूणघास मुद्दाम टाळला, पूर्ण वाढलेल्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं.

मऊ लेंड्या, ज्या ससा थेट स्वतःच्या अंगाखालून उचलून खातो, त्या त्याला तोल जात असताना पकडता येत नव्हत्या. बुडाला चिकटायच्या. पहाटे त्या ताज्या सापडल्या तर मी त्याच्या तोंडापुढे धरायची आणि तो अधाशासारखा खायचा. ज्यांना हे किळसवाणं वाटेल त्यांना एवढंच सांगते, त्यातली जीवनसत्त्वं आणि जंतू त्याच्या पोटाला हवेच असतात.

जागा

प्लेपेन निम्मं केलं. लोळायला जागा कमी म्हणजे आपटायला कमी. चारही बाजूंना गुंडाळलेली जुनी रजई, खाली फरशीवर रबरी चटई आणि तिच्यावर फ्लीसचं मऊ कापड. डाव्या बाजूला टॉवेलची घट्ट वळकटी, जिला टेकून तो बसू शकेल. उचलताना अचानक नाही. आधी आवाज द्यायचा, मग छाती आणि मागचा भाग एकदम धरून अंगाशी घ्यायचं. हवेत लोंबकळला की तो घाबरून पुन्हा लोळायला लागायचा.

खालचा डोळा हा वेगळाच घोर. तो नीट मिटत नाही, गवताच्या काड्या घुसतात, फ्लीस घासतं. दिवसातून अनेकदा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि दर भेटीत बुबुळावर ओरखडा नाही ना याची तपासणी. डोळ्यात पांढरा ठिपका दिसला तरी लगेच दाखवायचं, कारण हा परजीवी भिंगातही शिरतो.

लघवीने बूड ओलं राहिलं की कातडी सोलवटते. पूर्ण आंघोळ सशाला कधीच नाही. फक्त तेवढाच भाग कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करायचा.

साफसफाई रोजची. ट्रे आणि वाट्यांवर उकळतं पाणी. फरशीवर पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवून मग धुऊन, वाळवून, तोपर्यंत दोघं दुसऱ्या खोलीत. माणसांत हा संसर्ग मुख्यतः प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना होतो. घरात कोणाची केमो चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, तर ट्रे त्यांनी साफ करू नये. बाकीच्यांनी हात साबणाने धुवावेत आणि निश्चिंत असावं.

जून

वजन १३७० पर्यंत घसरलं आणि तिथे थांबलं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टोपली ठेवून रोज एकाच वेळी वजन करायचो. हा आकडा मला मानेच्या कोनापेक्षा कितीतरी जास्त सांगायचा. मान एक दिवस बरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाईट. पाहुणे आले, मिक्सर लागला, की वाईट. वजन मात्र १३७०, १३८५, १४१० असं हळूहळू चढत गेलं.

पहिल्या पावसाच्या सुमाराला तो वळकटी सोडून चार पावलं चालला आणि पडला. पुन्हा उठला. त्या दिवसापासून व्यायाम : कोथिंबिरीची काडी त्याच्या उजव्या बाजूला धरायची, म्हणजे मान तिकडे वळवावी लागते. पाच मिनिटं, दमायच्या आधी थांबायचं. मानेच्या डाव्या बाजूचे स्नायू ताठलेले असतात, तिथे दोन बोटांनी हलकं चोळायचं. जोर लावून मान सरळ करायला जाऊ नका, त्याने दुखतंच.

बडीशेपला या सगळ्या काळात जाळीच्या पलीकडे ठेवलं होतं, एकमेकांचा वास येईल इतकं जवळ. लोळणं पूर्ण थांबल्यावर जाळी काढली. ती आली, त्याला हुंगलं आणि सरळ त्याचा खालचा डोळा आणि डावा कान चाटायला बसली. नेमकी तीच बाजू जी त्याला स्वतःला साफ करता येत नाही.

जुलै-ऑगस्ट

फेनबेंडाझोलचा कोर्स आधीच संपलेला, मेक्लिझिन हळूहळू कमी करून बंद. वजन १५६०. दमट हवेत गवताला बुरशी लागते, म्हणून गवत थोडं थोडं आणतो आणि पंख्याखाली पसरून ठेवतो. हुंगून कुबट वाटलं तर सरळ टाकून द्यायचं.

मान आता पंधरा-वीस अंशांवर स्थिर दिसतेय. मॅडम म्हणतात, कदाचित एवढीच राहील. मला ते चालतं. तो ट्रे वापरतो, खिडकीपाशी ऊन शेकतो, आई भाजी निवडायला बसली की मेथीचे देठ पळवतो. वळताना अजून कधी डावीकडे कलंडतो, दोन पाय हलवून सावरतो आणि पुढे जातो. सोफ्यावर चढायला रुंद, कमी उताराचा लाकडी तुकडा लावलाय, त्यावर जुन्या सतरंजीचा कापलेला पट्टा चिकटवलाय, पाय घसरत नाही.

आजार उलटू शकतो हे माहीत आहे. म्हणून दर रविवारी वजन, रोज लेंड्यांवर नजर, आणि मूत्रपिंडाची तपासणी दिवाळीच्या आधी पुन्हा. फेनबेंडाझोलची एक न फोडलेली बाटली कपाटात ठेवलीय, झाकणावर तीव्रता आणि मुदत मोठ्या अक्षरांत लिहून. तो पुन्हा लोळायला लागला तर मॅडमना आधी फोन, मग बाटली उघडायची.